बीटलच्या सिनेमाची गाणी आणि फोर्टातल्या टॅक्स्या

चंद्रपूरहून गडचिरोलीला निघालं की मूल-सावलीच्या पुढं रेंज कधी जाते ते कळत नाही, म्हणून दर वेळेसारखा हा भाग लिहूनही ठेवतोय. बसमध्ये अडकला तर वाचा, घरी पोचल्यावर गाणी ऐका. आज गाणी ऐकावीच लागतील, नाहीतर मजा नाही.

सुरुवात एका अशा गाण्यानं करू, जे तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी ऐकलंय. हॉस्टेलवर कोणाकडं गिटार आली की पहिल्या चार-पाच गाण्यांत ओएसिसचं 'वंडरवॉल' येतंच. १९९५ चं गाणं, ब्रिटिश बँड. पण 'वंडरवॉल' म्हणजे काय? डिक्शनरीत शोधाल तर मिळणार नाही. नोएल गॅलाघरनं ते नाव उचललं बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या एका जुन्या अल्बमवरून, 'वंडरवॉल म्युझिक'. तो अल्बम म्हणजे एका सिनेमाचं पार्श्वसंगीत. आणि त्यातला मोठा भाग रेकॉर्ड झाला तो आपल्या मुंबईत, फोर्टमध्ये, सर फिरोजशहा मेहता रोडवरच्या एका ऑफिसवाल्या इमारतीत. जानेवारी १९६८.

म्हणजे बघा, जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बँडच्या माणसाचा पहिला सोलो अल्बम अर्धा मराठी मुलखात बनला आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. बीटल्स आणि भारत म्हटलं की सगळे ऋषिकेश सांगतात. महर्षी, आश्रम, ध्यान, पांढरे कपडे. तिकडं ते गेले फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे हॅरिसन फोर्टमधून काम संपवून गेल्यानंतर महिन्याभरानं. ऋषिकेशला फोटोग्राफर होते, फोर्टमध्ये फक्त वादक होते. कोणती गोष्ट लक्षात राहिली ते तुम्हाला माहीत आहेच.

थोडं मागं जाऊ. हॅरिसनच्या हाताला सतार लागली तीसुद्धा एका सिनेमाच्या सेटवर. १९६५ मध्ये बीटल्सचा 'हेल्प!' नावाचा सिनेमा लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत शूट होत होता. सिनेमा विनोदी, आणि भारताबद्दल अगदीच आचरट. कालीमातेचा कुठलातरी खोटा पंथ, नरबळी, असलं काहीतरी. आज बघताना कसंतरीच होतं. पण त्यात एका भारतीय रेस्टॉरंटचा सीन आहे, तिथं काही वादक बसवले होते. मधल्या वेळात हॅरिसननं त्यांची सतार उचलून पाहिली. त्या सिनेमाच्या अमेरिकेत निघालेल्या रेकॉर्डवर बीटल्सच्याच एका गाण्याची चाल सतारीवर वाजवलेली आहे, केन थॉर्ननं बसवलेली. फार थोड्या लोकांनी ती ऐकली असेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॅरिसननं 'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार वाजवली. नवशिक्याची सतार, पण रॉकच्या दुनियेत खळबळ उडाली.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९६६ ला, तो पंडित रविशंकरांकडं शिकायला मुंबईत आला. ताजमध्ये सॅम वेल्स या खोट्या नावानं उतरला. मिशी वाढवली, म्हणजे कोणी ओळखू नये. ओळखलंच. मग पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि तिथून थेट काश्मीर. मुंबईत रविशंकरांनी १९६२ मध्ये किन्नर ही संगीतशाळा काढली होती, तिथले शंभू दास हॅरिसनचा रियाज करून घ्यायचे. हे नाव लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता सिनेमा. दिग्दर्शक ज्यो मॅसो. गोष्ट अशी: एक म्हातारा होत चाललेला एकलकोंडा शास्त्रज्ञ, ऑस्कर कॉलिन्स. शेजारच्या घरात एक मॉडेल राहते, तिचं नाव पेनी लेन. ती भूमिका जेन बर्किनची. भिंतीला एक भोक पडतं, त्यातून तो तिचं रंगीबेरंगी जग बघत राहतो, आणि मग भोकं वाढतच जातात. एवढंच. संवाद फार थोडे. खरं सांगतो, सिनेमा मला स्वतःला कंटाळवाणा वाटला. भोकातून बाईकडं बघत बसणाऱ्या माणसाला प्रेमळ वगैरे दाखवणं आज पचत नाही. पण संवाद कमी म्हणजे संगीताला मोकळं रान. मॅसोनं हॅरिसनला सांगून टाकलं होतं की तू जे देशील ते मी सिनेमात घालीन. इतकी सूट कुठल्याही संगीतकाराला मिळत नाही, आणि हॅरिसननं तोवर एकाही सिनेमाला एकट्यानं संगीत दिलेलं नव्हतं.

मग त्यानं काय केलं? साधं चावीचं स्टॉपवॉच घेतलं. सिनेमाचे तुकडे बघायचे, कुठला सीन किती सेकंदांचा ते लिहून काढायचं, आणि तेवढ्याच लांबीचं संगीत बनवायचं. म्हणून या अल्बमवर १९ तुकडे आहेत आणि बरेचसे एक-दोन मिनिटांत संपतात. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, अरे आत्ताच तर रंगलं होतं, संपलं कसं? कारण तिकडं पडद्यावर सीन संपलाय. पैशाचंही तसंच. मॅसोकडचं संगीताचं बजेट होतं ६०० पौंड. शेवटी खर्च गेला १५,००० पौंडांवर, आणि तो हॅरिसनच्या खिशातून.

काही तुकडे लंडनला, ॲबी रोडला झाले. तिथं लिव्हरपूलचा रेमो फोर हा बँड होता, पियानो आणि संगीत-संयोजनाला जॉन बारम होते. 'स्कीइंग' नावाच्या तुकड्यात एरिक क्लॅप्टनची गिटार आहे, पण कराराच्या भानगडीमुळं तिथं त्याचं खरं नाव नाही, तो झाला 'एडी क्लेटन'. रिंगो स्टारही असाच 'रिची स्नेअर' होऊन बसलाय. गंमत वाटते. पण नाव लपवायची चैन क्लॅप्टनलाच परवडते. पुढं जे सांगणार आहे, त्यांची अडचण नेमकी उलटी होती.

जानेवारीच्या ७ तारखेला हॅरिसन लंडनहून निघाला, आणि दोनेक दिवसांत मुंबईत रेकॉर्डिंग सुरू झालं. स्टुडिओ ग्रामोफोन कंपनीचा, म्हणजे आपण ज्याला एचएमव्ही म्हणतो तो, युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये. हा स्टुडिओ होता ऑफिसांच्या वर. साउंडप्रूफिंग नव्हतंच म्हणा. हॅरिसननं पुढं एका मुलाखतीत सांगितलं होतं की नीट कान देऊन ऐकलं तर मुंबईच्या तुकड्यांत खालून जाणाऱ्या टॅक्स्या ऐकू येतात. आणि संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग थांबवायचं, कारण जिन्यावरून धाडधाड उतरणाऱ्या कारकुनांच्या पायांचा आवाज थेट माइकमध्ये. विचार करा, लंडनमध्ये ज्याच्यासाठी स्टुडिओ रात्र-रात्र उघडा ठेवतात, तो माणूस इथं हेडक्लार्क घरी जायची वाट बघतोय.

मशीनची एक वेगळी गोष्ट. मुंबईच्या स्टुडिओत जुनं मोनो यंत्र होतं. स्टिरिओ हवं म्हणून ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं यंत्र स्वतः मुंबईला आणून दिलं. हे मेनन म्हणजे तिरुवनंतपुरमचे. पुढं १९७१ मध्ये अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले, पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' अमेरिकेत खपवण्यात त्यांचा मोठा हात, आणि नंतर जगभरच्या ईएमआय म्युझिकचे प्रमुख. तुमच्या प्लेलिस्टमधला पिंक फ्लॉइड आणि हे फोर्टचं टेपमशीन, दोन्हीमागं एकच माणूस.

आता वादक. शंभू दासांनी लोक जमवायला मदत केली. सतारीवर स्वतः शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य. सरोद आशिष खान, म्हणजे उस्ताद अली अकबर खानांचे चिरंजीव. तबला-पखवाज महापुरुष मिश्र. सुरबहार चंद्रशेखर. हार्मोनियम आणि तबलातरंग रिजराम देसाद. बासरी एस. आर. केंकरे. तारशहनाई विनायक व्होरा. शहनाईला दोघं, शरद आणि हनुमान. त्यांचं आडनाव कव्हरवर इंग्रजीत छापलंय 'जादेव'. तुम्ही काही म्हणा, माझ्या मराठी कानाला तिथं जाधवच ऐकू येतं. आणि संतूर शिवकुमार शर्मा.

हे कोणी हौशी लोक नव्हते. शिवकुमारांचंच घ्या. संतूर हे काश्मीरचं वाद्य, त्याला सिनेमात जागा दिली व्ही. शांताराम यांनी, 'झनक झनक पायल बाजे'मध्ये, १९५५ ला. संगीत वसंत देसाईंचं. म्हणजे हॅरिसन गिटार धरायला शिकत होता तेव्हा शिवकुमार मराठी संगीतकाराच्या हाताखाली पडद्यावरच्या सीनसाठी वाजवून मोकळे झाले होते. 'गाइड'मधल्या 'मोसे छल किये जाय'चा तबलाही त्यांचाच. मला इथं एक गोष्ट वाटते, जी बीटल्सच्या पुस्तकांत फारशी येत नाही. स्टॉपवॉच घेऊन सेकंद मोजून वाजवणं हे हॅरिसनसाठी नवं होतं. मुंबईच्या वादकांसाठी तो रोजचा धंदा होता. चाळीस सेकंदांत करुण वाजवा, वीस सेकंदांत धावपळ वाजवा, पडद्यावर बघा, म्युझिक डायरेक्टरनं हात खाली केला की थांबा. सकाळी एक स्टुडिओ, दुपारी दुसरा. त्यामुळं इतक्या थोड्या दिवसांत एवढं काम उरकलं यात मला तरी चमत्कार दिसत नाही. या कामातले मुरलेले लोक तिथं बसले होते.

काम वेळेआधी उरकलं म्हणून एक मोठी गोष्ट झाली. हॅरिसननं उरलेल्या वेळात आणखी एक चाल वाजवून घेतली, १२ जानेवारीला. ती टेप लंडनला नेली, फेब्रुवारीत ॲबी रोडला त्यावर गायला. हे गाणं 'द इनर लाइट'. शब्दांचा आधार चीनच्या 'ताओ ते चिंग'चा, आणि तो सुचवला केंब्रिजचे संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी. मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला ते आलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं. त्यात बीटल्सचं एकही वाद्य नाही. गिटार नाही, ड्रम नाही, बास नाही. वर फक्त आवाज, खाली सगळी मुंबई. हरिप्रसाद चौरसियांची बासरी त्यात आहे. जगभर गेलेल्या त्या रेकॉर्डवर वादकांपैकी कोणाचंही नाव नव्हतं.

बासरीवरून एक फाटा फोडतो, राहवत नाही. आपण बांबूच्या जिल्ह्यांत राहतो, चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र आहे, बल्लारपूरचा कागदकारखाना बांबूवर उभा राहिला. मग आपल्या बांबूची बासरी का नाही? तर आपल्याकडचा मानवेल जवळजवळ भरीव असतो. काठीला, तट्ट्याला, टोपलीला एक नंबर. मैफलीच्या लांब बासरीला पातळ सालीचा, आतून पोकळ आणि दोन पेरांत भरपूर अंतर असलेला बांबू लागतो, तो आसामकडून येतो. बरं, पुढं चला.

नावांचा मुद्दा सोडवत नाही. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमवर 'लव्ह यू टू' नावाचं गाणं आहे. तबला अनिल भागवत. आडनाव बघा! लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलच्या अंगडींनी त्यांना फोन केला, आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का. कुठला जॉर्ज ते सांगितलंच नाही. न्यायला दारात रोल्स-रॉइस उभी राहिली तेव्हा भागवतांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांचं नाव कव्हरवर छापलं गेलं, आणि बीटल्सच्या बाबतीत त्या काळी ही दुर्मिळ गोष्ट होती. पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर'मध्ये 'विदिन यू विदाउट यू' आलं, त्यातल्या भारतीय वादकांची नावं मात्र कव्हरवर नव्हती. ती लोकांसमोर आली २०१७ मध्ये, अल्बमच्या पन्नाशीला: अण्णा जोशी आणि अमृत गज्जर दिलरुबावर, नटवर सोनी तबल्यावर, बुद्धदेव कंसारा तंबोऱ्यावर. पन्नास वर्षं जगानं अण्णा जोशींचा दिलरुबा ऐकला, आणि अण्णा जोशी कोण ते कोणाला माहीत नव्हतं.

त्या मानानं 'वंडरवॉल म्युझिक'च्या कव्हरवर मुंबईच्या वादकांची यादी आहे, वाद्यांसकट. स्पेलिंगं भलतीच आहेत, पण आहेत. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डवर तेव्हा हे व्हायचंच नाही. संगीतकार, गीतकार, गायक, संपलं. हॅरिसनला हे श्रेय दिलंच पाहिजे. पण त्याच कव्हरवर हेही आहे की सगळे तुकडे जॉर्ज हॅरिसन यांनी रचले. यातल्या एका तुकड्याचं नाव 'गत किरवानी', एकाचं 'तबला अँड पखावज'. आता किरवानी हा राग कोणी एकानं रचलेला नाही, आणि पखवाजावर महापुरुष मिश्र जे वाजवतात ते त्यांच्या हातातलं. तरी हक्क एकाच नावावर. वादकाला त्या दिवसाचं मानधन मिळालं की हिशेब संपला. भारतात तेव्हा कायद्यानंही कलावंताला वेगळा हक्क नव्हता. कॉपीराइट कायद्यात तो आला १९९४ च्या दुरुस्तीनं, आणि रॉयल्टीचा भाग २०१२ च्या.

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला काय करायचं. आत्ता फोनवर हा अल्बम उघडा. वर काय लिहिलंय? जॉर्ज हॅरिसन. खाली प्रत्येक तुकड्यासमोर काय? जॉर्ज हॅरिसन. कागदी कव्हरच्या मागं जी नावं होती ती स्क्रीनवर यायला तीन-चार ठिकाणी बोट दाबावं लागतं, आणि तिथंही मिळाली तर मिळाली. म्हणजे ५० हून जास्त वर्षांपूर्वी जेवढं छापलं होतं त्यापेक्षा आपल्याला आज कमी दिसतं.

आणि आपल्याकडं बघा. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजला झाडीपट्टीचा हंगाम सुरू होतो. रात्रभराचं नाटक, समोर बसलेले वादक. हँडबिलावर नटनट्यांच्या खाली ऑर्गन कोण, तबला कोण, हेही छापलेलं असतं. गावात लोक विचारतातही, यंदा तबल्यावर कोण आहे बे? गेल्या काही वर्षांत झाडीबोलीतली, गोंडीतली गाणी यूट्यूबवर धडाधड येतायत, चांगली चालतायत. पण त्यांची डिस्क्रिप्शन उघडून बघा. चॅनेलचं नाव, गायकाचं नाव, एडिटिंग कोणाचं, ड्रोन कोणाचा. ढोल कोणी वाजवला? बासरी? बहुतेक वेळा गायब. तुमच्यातले जे पोट्टे असे व्हिडिओ बनवतात त्यांना सांगतोय, दोन ओळी टाइप करायला एक मिनिट लागत नाही. हँडबिलवाल्याला जमतं ते आपल्याला जमायला काय हरकत आहे?

सिनेमाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. 'वंडरवॉल' कान महोत्सवात दाखवला गेला १७ मे १९६८ ला. दोनच दिवसांत फ्रान्समधल्या आंदोलनापायी तो महोत्सवच बंद पडला. सिनेमा त्यानंतर फारसा कुठं लागलाच नाही. अल्बम आला १ नोव्हेंबरला, बीटल्सनं स्वतः काढलेल्या ॲपल कंपनीचा हा पहिला एलपी. तोही मागं पडला, कारण त्याच महिन्यात बीटल्सचा व्हाइट अल्बम आला आणि त्यापुढं कोण टिकणार? हॅरिसननं मात्र मुंबईच्या लोकांशी नातं ठेवलं. १९७४ मध्ये रविशंकरांच्या भारतीय वादकांचा मोठा ताफा त्यानं युरोपात नेला, त्यात शिवकुमार, हरिप्रसाद आणि रिजराम देसाद होते. शिवकुमार आणि हरिप्रसाद यांनी पुढं 'शिव-हरी' म्हणून 'सिलसिला', 'चांदनी', 'लम्हे', 'डर' केले. ते तुमच्या आईबाबांना विचारा, ते गाऊनच दाखवतील.

आता ऐकायचं कसं ते सांगतो. हेडफोन लावा, फोनचा स्पीकर नको. सगळा अल्बम सलग ऐकू नका, मधले लंडनचे काही तुकडे सर्कशीसारखे आहेत, चिडाल. आधी 'मायक्रोब्ज', शहनाईवाल्या दोघांसाठी. मग 'तबला अँड पखावज', एका मिनिटाच्या आसपासचा आहे. मग 'लव्ह सीन', सरोदला सरोदच उत्तर देतो. त्यानंतर 'क्रायिंग'. हा विनायक व्होरांच्या तारशहनाईचा. हे वाद्य म्हणजे इसराजला ग्रामोफोनसारखा पत्र्याचा कर्णा लावलेला, वाजतं गजानं पण आवाज येतो फुंकल्यासारखा, आणि इथं तो अक्षरशः रडतोय. सव्वा मिनिटात संपतं. मी दर वेळी परत लावतो. शेवटी 'द इनर लाइट', ते या अल्बमवर नाही, वेगळं शोधावं लागेल.

हे ऐकताना तुकड्यांच्या शेवटी, वाद्यं विरत जातात तिथं आवाज वाढवा आणि फोर्टातली टॅक्सी सापडते का बघा. सापडली तर कोणत्या तुकड्यात, कितव्या सेकंदाला, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात लावू, पाठवणाऱ्याच्या नावासकट.